सातव्या प्रश्नाचं उत्तर

४ मार्च

धाकट्या,

वर आशीर्वाद लिहायची पद्धत आहे. ती जागा कोरी सोडली आहे. तुला हवं ते भर. कोऱ्या जागी स्वतःचं नाव भरायची तुला सवय आहेच.

सव्वा वर्षानं तुझं पत्र आलं. फोन मी उचलत नाही, तेव्हा लिहिण्यावाचून तुला गत्यंतर नव्हतं हे कळतं. पण खोटं कशाला बोलू, पाकिटावर तुझं अक्षर बघून आशा वाटली. वाटलं, माफी असेल. हातातली वेल्डिंगची टॉर्च खाली ठेवून, हात धुऊन, स्टुलावर नीट बसून पाकीट फोडलं. आत काय, तर प्रश्न! क्रमांक घालून नऊ प्रश्न. "ताई, गिऱ्हाइकं तेच तेच विचारतात. तीस तारखेला नव्या दुकानाचं उद्घाटन आहे, माहितीपत्रक नव्यानं छापायचंय. उत्तरं तू छान द्यायचीस."

द्यायचे ना. मीच द्यायचे. तुझं आधीचं माहितीपत्रक माझ्याकडे आहे, एका गिऱ्हाइकानं आणून दिलं. गुळगुळीत कागद, तुझा हसरा फोटो. दुसऱ्या पानावर लिहिलंय, "आडव्या सायकलींच्या सगळ्या फ्रेम मीच जोडायचो. माझी बहीण रंगकाम बघायची."

मी ते वाक्य कापून कार्यशाळेच्या भिंतीवर चिकटवलंय. रोज सकाळी वाचते आणि मग कामाला लागते. चहापेक्षा बरी तरतरी येते.

बासष्ट फ्रेमा जोडल्या मी, धाकट्या. तू काउंटरवर गोड बोलायचास, ते काम मला कधीच जमलं नसतं, हे मी कुणालाही सांगेन. पण नळीला नळी तू एकदाही जोडली नाहीस. आणि ज्या दिवशी माझ्या डोळ्यात ठिणगी गेली, मी डॉक्टरकडे गेले, त्याच दिवशी तू टेम्पो आणलास. एका डोळ्याला पट्टी बांधून मी परत आले तर अर्धी कार्यशाळा रिकामी. आधी वाटलं, एकाच डोळ्यानं बघतेय म्हणून अर्धीच दिसतेय. मग कळलं. फ्रेम जोडायचा लोखंडी साचा गेला, मापांची वही गेली, बाबाही गेले. बाबा तर तुझ्या शेजारी टेम्पोत बसून गेले. "साचा मुलाकडे असावा" असं म्हणाले म्हणे. बाबांची जुनी सायकल मात्र मागे ठेवलीस, भंगार म्हणून. मलाही त्याच हिशोबानं ठेवलंस.

असो. तू विचारलंयस, मी उत्तर देते.

पहिला प्रश्न, "अशा रेलून, पाय पुढे टाकून चालवायच्या आडव्या सायकलवर झोप लागत नाही का?" त्याला म्हणावं, चढावर ये, मग बघू किती झोप लागते. दुसरा, "चढ चढते का?" चढते, पण हळू. साध्या सायकलसारखं पेडलवर उभं राहून अंगाचा भार टाकता येत नाही. गिअर हलका करायचा, पाय गोल फिरवायचे आणि बाजूनं पुढे जाणाऱ्यांकडे बघायचं नाही. खाली उतरताना आपणच पुढे असतो. हे मी गेलं सव्वा वर्ष स्वतःला सांगतेय.

आज एवढंच. वेल्ड थंड झाला.

रंगकाम बघणारी


१२ मार्च

धाकट्या,

आठ दिवसांत दुसरं पत्र! सव्वा वर्षात जेवढी आठवण आली नाही तेवढी एका आठवड्यात आली. "बाकीची उत्तरं सावकाश दे, पण सातव्याचं आधी पाठव." मी नऊच्या नऊ परत वाचले. आठ प्रश्न लोकांचे आहेत. सातवा तुझा आहे.

"सायकल सरळ सोडली तरी डावीकडे ओढते, असं का होतं?"

किती सहज मध्ये घुसवलायस! अलीकडे पलीकडे दोन दोन गोंडस प्रश्न आणि मध्ये हा. लहानपणी प्रगतिपुस्तक असंच इतर कागदांत घालून बाबांच्या सहीला ठेवायचास.

सातव्याचं उत्तर मला माहीत आहे. देत नाही. आधी बाकीची घे.

"मोटारवाल्यांना दिसते का एवढी खुजी सायकल?" मागे काठीला झेंडा लावायचा, भडक रंगाचा. दिसते. उलट लोक वळून वळून बघतात. "दोन चाकी घ्यावी की तीन चाकी?" तोल जाणाऱ्यानं तीन चाकी घ्यावी, पण टाचेला बंद लावल्याशिवाय एक पाऊलही पुढे जायचं नाही. पाय पेडलवरून घसरला तर जमिनीला लागतो, सायकल पुढे जात राहते आणि पाय खाली ओढला जातो. घोटा मोडतो. हे ठळक छाप. इथे माझा राग नाही, छापच. "पावसात चालते का?" चालते, भिजतो तो चालवणारा.

"माप कसं घ्यायचं?" हे तू मला विचारावंस! वही नेलीस, वाचता येईना का? गिऱ्हाइकाला जमिनीवर बसवायचं, पाठ भिंतीला, पाय सरळ, बूट घालून. भिंतीपासून टाचेपर्यंत मोजायचं. तू उंची विचारून मोकळा होतोस असं ऐकलं. अरे, एकाच उंचीची दोन माणसं असतात, एकाचे पाय लांब, दुसऱ्याची पाठ लांब. आपल्या घरात बघ की. उंचीला आपण दोघं सारखेच, पण तुझे पाय लांब. म्हणून तर पटकन निघून गेलास.

सातव्याबद्दल तुझ्या वेल्डरनं काय काय करून पाहिलं असेल ते मी इथे बसून सांगू शकते. पुढचं चाक काढून परत बसवलं असेल. हँडल सैल करून बघितलं असेल. टायर बदलला असेल. मग हात झटकून म्हणाला असेल, "साहेब, साच्यात जोडलंय, साचा खोटं बोलत नाही." माणूस चांगला आहे तो, त्याला ओरडू नकोस.

आणि गिऱ्हाइकाला तू काय सांगतोस? "सवय नाही म्हणून होतं. थोडे दिवस चालवा." हो ना?

रंगकाम बघणारी


१९ मार्च

धाकट्या,

आज तुझ्याशी भांडायला जोर कमी आहे, आणि त्याला कारण तूच आहेस. मीही आहे.

काल एक शिंपीण आली. पन्नाशीची, कमरेचा मणका सरकलेला, तीस वर्षं मशीनवर वाकून बसलेली. तुझ्याकडून सायकल घेतलीय, हिरवी. कोपरापासून मनगटापर्यंत सोललं होतं. पडली. समोरून गाडी आली, तिनं हँडल सरळ धरलं, आणि सायकल डावीकडे गेली ती थेट खडीच्या ढिगात. तिनं सायकल दाखवलीच नाही आधी. म्हणाली, "ताई, तुम्ही शिकवता का हो? माझ्यातच खोट आहे. ते म्हणाले, सगळ्यांना जमतं. मलाच जमेना. मुलगी म्हणते, आई, या वयात कशाला हौस."

या वयात कशाला हौस! तिला दहा वर्षांनी पहिल्यांदा पाठ न दुखता रस्त्यावर जाता आलं होतं.

मी तिला बसवलं. कोपर धुऊन औषध लावलं. आणि धाकट्या, तिच्या डोळ्यांत बघायचं मी टाळलं. कारण तुझी सायकल का ओढते हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तू साचा नेलास त्या दिवसापासून. मी एक वाक्य कळवलं असतं तर ती पडली नसती. मी कळवलं नाही. मजा बघत बसले. तू पडावास म्हणून मी गप्प राहिले आणि पडली ती.

तिची सायकल मी अर्धा दिवस घेऊन सरळ केली. मागचं चाक धरणारा फाटा तापवला, ओढला, दोरा लावून तपासला, परत ओढला. तिला सांगितलं, "बाई, खोट तुमच्यात नाही, लोखंडात होती." ती गल्लीच्या टोकापर्यंत गेली आणि परत आली ती हसतच. बाकीचे कोण कोण आहेत ते तिला विचारून घेतलंय. तिला धरून अकरा जण, रविवारी सगळे एकत्र चालवतात. त्यांना मी निरोप पाठवतेय. येतील एकेक.

आता तुला सरळ सांगते. सातव्याचं उत्तर तुला देईन. एका अटीवर. माहितीपत्रकाचं दुसरं पान बदल. "फ्रेम माझी बहीण जोडायची." चारच शब्द आहेत. मला तुझं दुकान नको, साचा परत नको, बाबाही ठेव. हे चार शब्द दे.

ताई


२६ मार्च

धाकट्या,

तुझं पत्र मिळालं. "छापून झालंय. आता बदलता येणार नाही. आणि ताई, एवढा जळफळाट बरा नव्हे."

बरं.

दुपारी तुझ्या बायकोचा फोन आला. तिचा मी उचलते, तिनं माझं काही नेलेलं नाही. ती म्हणाली, "ताई, उद्घाटनाला बाबाच सायकल चालवणार आहेत. दुकानापासून उतारावरून खालच्या वळणापर्यंत. फोटोवाला बोलावलाय. तुमच्या वहीतली मापं घेऊन नवीन सायकल केलीय त्यांच्यासाठी, निळी. मला भीती वाटते हो. उताराच्या डाव्या हाताला उघडं गटार आहे, दगडाचं."

मग हळूच म्हणाली, "तुम्ही सांगितलंत तर ते ऐकतील."

कोण ऐकेल? तू? तुझं "जळफळाट" अजून टेबलावर पडलंय.

मी फोन ठेवला आणि खरं सांगू, पहिला विचार आला तो चांगला नव्हता. चालवू देत. ज्याच्या शेजारी बसून गेले त्याच्या सायकलवर बसू देत. लोक बघतील, फोटोवाला बघेल. बाबा गटाराकडे जातील आणि तू धावत जाशील, सगळ्यांसमोर. एवढं मी चवीनं डोळ्यांसमोर आणलं. अर्धा तास तरी आणलं असेल. लपवत नाही, कारण या घरात लपवायचं काम तू बघतोस.

पण मग बाबांची पाठ आठवली. डॉक्टरांनी सायकल बंद केली तेव्हा ते तीन आठवडे खिडकीशी बसून रस्ता बघत होते. दोन भंगार सायकली कापून मी त्यांना पहिली आडवी सायकल करून दिली. वेल्ड इतके वेडेवाकडे की नळीला मुंगळे चिकटल्यासारखे दिसत होते. बाबा बसले, गल्लीभर गेले आणि परत येऊन म्हणाले, "चालते की!" त्यांच्याकडून मला मिळालेलं तेवढंच कौतुक. मी त्यावर बासष्ट फ्रेमा काढल्या.

बाबांना निळीवर बसवू नकोस. कारण सांगणार नाही, अट तीच आहे. पण बसवू नकोस.

ताई


३१ मार्च

धाकट्या,

काल तू मला शोधत होतास म्हणे. मी आलेच नव्हते असं तू सगळ्यांना सांगितलंस. मी होते. तुझ्या दुकानासमोर झेरॉक्सवाला आहे ना, त्याच्या पायरीवर. डोक्यावर ओढणी, डोळ्यावर काळा चष्मा. तू रिबीन कापलीस तेव्हा मी टाळ्यासुद्धा वाजवल्या. एकच टाळी वाजवली, पण वाजवली.

सकाळी टेम्पोतून "भंगार" आलं तेव्हा तुझं तोंड बघायला मी मुद्दाम लवकर आले होते. बाबांची जुनी सायकल. चार दिवस मी दुसरं काहीच केलं नाही. सीटची जाळी नवीन विणली. साखळी नवीन घातली, अडीच साखळ्या जोडून एक. तुझ्या आठव्या प्रश्नाचं उत्तर इथेच घे. साखळी लांब असते कारण पेडल पुढे आणि चाक मागे, आणि मधली पुली गुळगुळीत फिरली तर ती वर्षानुवर्षं तुटत नाही. वेल्ड मात्र तसेच ठेवले, मुंगळ्यांसकट. रंगही दिला नाही. म्हटलं, रंगकाम बघणारीनं या वेळी रंगकाम करू नये.

टेम्पोवाल्याच्या हाती बाबांना चिठ्ठी दिली होती. एवढंच लिहिलं होतं, "बाबा, उतार आहे. ज्या सायकलवर हात सोडता येतात त्या सायकलवर बसा."

मला वाटलं नव्हतं ते ऐकतील. तू निळी पुढे आणलीस. त्यांनी निळीच्या हँडलवर हात ठेवला, तुझ्याकडे बघितलं आणि जाऊन जुनीवर बसले. तुझी बायको म्हणते, निळी त्यांनी दोन दिवस आधीच अंगणात चालवून पाहिली होती आणि ओढ त्यांना लगेच कळली होती. तुझा हिरमोड नको म्हणून बोलले नव्हते. मागे टेम्पोत बसले तेव्हाही तुझाच हिरमोड नको म्हणून बसले असतील. माझ्या हिरमोडाचं त्यांना कधी सुचलं नाही. हे मला त्यांना एकदा सांगायचंय, पण ते वेगळं पत्र.

ते उतारावर निघाले. पाठ रेललेली, पाय पुढे, मागे झेंडा. अर्ध्या उतारावर त्यांनी दोन्ही हात सोडले, पोटावर ठेवले. सायकल सरळ गेली. गटाराकडे नाही, कुठेच नाही. खाली वळणाशी हात परत हँडलवर आले आणि लोक ओरडले. मला दिसेना, चष्म्याच्या आत पाणी आलं होतं. ठिणगी गेली असं समज.

मग वर आल्यावर फोटोवाल्यानं उद्घाटनाचा माईक पुढे करून विचारलं ते तू ऐकलंसच, पण लिहूनच ठेवते, छापायला बरं. "आजोबा, मुलाची सायकल कशी वाटली?"

बाबा म्हणाले, "मुलाची ती आत उभी आहे, निळी. ती डावीकडे जाते. ही मुलीनं केली. सगळ्या तिनंच केल्या."

चारच शब्द मागितले होते मी. तू दिले नाहीस म्हणून ते भर रस्त्यात, माईकवर मिळाले. तुझा चेहरा मी पोटभर बघितला. वाईट वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही. अजूनही वाटत नाहीये. कदाचित पुढच्या महिन्यात वाटेल.

आता नववा प्रश्न. "वापरलेली आडवी सायकल विकत घ्यावी का?" घ्यावी, पण ज्या हातानं ती जोडली त्या हाताला आधी विचारावं.

आणि सातवा.

आपण जुन्या जागेतून इकडे आलो तो दिवस आठव. साचा टेम्पोतून खाली पडला. दोर तू बांधला होतास. तू पांढराफटक पडलास, माझा हात धरून म्हणालास, "ताई, बाबांना सांगू नकोस." मी साचा उचलला, फिरवून बघितला आणि म्हणाले, "काही झालं नाही, वेड्या." तू ते खरं धरून चाललास.

झालं होतं. मागचा डावा पाय दबला होता, नखाएवढा. तो पाय दबला की मागचा फाटा तिरका जोडला जातो आणि चाक तिरकं बसतं. साध्या सायकलवर माणूस नकळत अंग हलवून सावरून घेतो. आडव्या सायकलवर पाठ सीटला टेकलेली, हलवायला काही उरत नाही, म्हणून ओढ लगेच कळते. मी पितळेची एक पट्टी कापली, घासून घासून बरोबर जाडीची केली आणि प्रत्येक फ्रेम जोडताना त्या पायाखाली घातली. संध्याकाळी काढून ॲप्रनच्या खिशात ठेवायचे, कारण रात्रभर दाबाखाली राहिली तर तिथे चिकटून बसते. सगळ्या फ्रेमा तुझी चूक झाकून सरळ निघाल्या. बाबांनाच काय, तुलाही सांगितलं नाही. तू साचा नेलास त्या दिवशी पट्टी घालायच्या आधी, घासकामातच ठिणगी उडाली आणि मी ॲप्रन घालूनच डॉक्टरकडे गेले. साचा तुझ्याकडे गेला, पट्टी माझ्या खिशात राहिली.

सायकल डावीकडे का ओढते? कारण तुझ्यासाठी खोटं बोलणारी तू मागे ठेवून गेलास.

पट्टी याच पाकिटात आहे. तुझे अकरा जण माझ्याकडे येऊन गेले, सगळ्यांच्या सायकली सरळ झाल्यात. बाराव्याला माझ्याकडे यायला लागू नये म्हणून पाठवतेय. तुला माफ केलं म्हणून नाही. तू हिच्यासारखी दुसरी कापून घेशील हे मला ठाऊक आहे. पण जाडीचं माप घ्यायला आधी हीच हातात धरावी लागेल. आणि तुझा वेल्डर काल मला भेटून, पट्टी बघून गेलाय. तो म्हणाला, "ताई, साच्याची मूळ पट्टी असताना दुसरी कशाला कापू? मी हीच घालणार." चांगला माणूस आहे असं मी म्हटलंच होतं.

पट्टीवर मी छिन्नीनं दोन अक्षरं ठोकली आहेत. ताई. ती सकाळी घालायची, संध्याकाळी काढायची, विसरायचं नाही. घालताना अक्षरं वरच्या बाजूला येऊ देत.

ताई